जपानी पेनाचे सोवळे

पेनशौकिनांच्या मांदियाळीत सध्या एक सोवळे फार कडक पाळले जाते. पेन जपानी असेल तर त्याच्या निबेला हात लावायचा नाही. शाई बदला, कन्व्हर्टर बदला, पेन ठेवायची पेटी बदला, पण निब? शांतं पापम्! पायलट, सेलर, प्लॅटिनम ही नावे जिथे कुलदैवतासारखी घेतली जातात, तिथे कोणी "मी याची निब काढून दुसरी बसवली" असे म्हटले की मंडळी अशी बघतात, जणू देवळातल्या मूर्तीचे नाकच कोणी तासले. "अरे, ओरिजिनलपण गेले ना त्याचे!" हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे, की आता उत्तर लिहूनच काढावे म्हटले.

उत्तर सरळ आहे. जपानी पेनाने मराठी लिहायचे असेल तर निब बदलावी, बिनदिक्कत बदलावी. आणि निब बदलण्याने त्या पेनाचे जपानीपण बाटत नाही, उलट जपान्यांनी पेनाकडे ज्या नजरेने पाहिले त्याच नजरेने आपणही पाहतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मुळात पेन म्हणजे काय? दांडा, टोपण, क्लिप हा सगळा शाई वाहून नेण्याचा सरंजाम. लिहिते ती निब. आपल्या पूर्वजांना हे शिकवावे लागत नसे. बोरू बोथट झाला की चाकूने पुन्हा तासायचा, मधोमध चीर पाडायची, टोकाला तिरका छाट द्यायचा आणि कामाला लागायचे. पोथीच्या ठसठशीत अक्षरांसाठी रुंद टोकाचा बोरू, बारीक लिखाणासाठी अरुंद टोकाचा. "हा बोरू मूळ स्वरूपातच ठेवा, तासू नका" असे कोणी म्हटले असते तर लोकांनी त्याला वेड्यात काढले असते. पुढे टाक आला. त्यातही दांडा तोच राही आणि निब झिजली की दुकानातून नवी आणून खोचायची. मग आली झरणी. (हो, फाउंटन पेनाला मराठीत झरणी म्हणत. किती सुंदर शब्द! तोही आपण अडगळीत टाकला.) झरणीतून खळ न पडता लिहिता येऊ लागले, दौतीत बुडवायची कटकट गेली, पण त्याबरोबर एक वाईट गोष्ट झाली. निब पेनाचा कायमचा अवयव आहे असे आपण समजू लागलो. हजार वर्षे लेखणी लिपीप्रमाणे कापणारा समाज, दुकानातून आलेल्या लेखणीप्रमाणे लिपी लिहू लागला.

आता जपानकडे वळू, कारण ओरिजिनलवाद्यांचा सगळा भार तिथेच आहे. झरणी हे जपानचे अपत्य नव्हे. पाश्चात्त्यांचे पेन त्यांनी घेतले, आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल तर निब आपल्या लिपीजोगी केली. सेलर १९११ची, पायलट १९१८ची, प्लॅटिनम १९१९ची. तिन्ही कंपन्यांपुढे प्रश्न एकच होता. कांजी लिपीतले एकेक अक्षर दहा-पंधरा-वीस रेघांचे, आणि ते सगळे एका छोट्या चौकोनात बसवायचे. युरोपी निबेने तिथे शाईचा चिखल व्हायचा. म्हणून जपानी निब बारीक झाली. आजही जपानी 'फाईन' म्हणजे साधारण युरोपातली 'एक्स्ट्रा फाईन'. हा बारीकपणा म्हणजे सौंदर्याची काही वैश्विक कसोटी नव्हे, ती कांजीची गरज आहे.

आणि नुसता बारीकपणाच नाही. जपानी लिपी मूळची कुंचल्याची. रेघ कुठे ठामपणे थांबते, कुठे टोकाशी उसळी घेते, कुठे झाडल्यासारखी निमुळती होत जाते. हे सगळे धातूच्या टोकातून यावे म्हणून सेलरच्या नागाहारा नोबुयोशी या कारागिराने 'नागिनाता' नावाची लांबट घासलेली निब घडवली. पेन उभे धरले की रेघ बारीक, आडवे केले की जाड. पायलटच्या एकाच 'कस्टम' मालिकेत पंधराएक तऱ्हांच्या निबा मिळतात. मऊ, ताठ, वर वळलेली, रुंद, स्वरलिपी लिहिण्याची, पत्ता लिहिण्याची. जपानातल्या दुकानांत 'पेन क्लिनिक' भरते. गिऱ्हाईक आपले पेन घेऊन जातो, लिहून दाखवतो, आणि कंपनीचा कारागीर समोर बसून त्याच्या हाताला जुळेल अशी निब घासून देतो. तिथे निब घासणारा पापी नसतो, मास्टर म्हणून त्याच्यासमोर रांग लागते! तेव्हा ज्या जपानची आण घालून आमचे मित्र निबेला हात लावू नका म्हणतात, त्या जपानातच निब हातासाठी आणि लिपीसाठी बदलण्याची वस्तू आहे. मूर्तिपूजा आपली, मूर्ती त्यांची.

मग देवनागरीची गरज काय? इथे जरा बारकाईने पाहायला हवे, कारण बहुतेकांना हे ठाऊकच नसते. रोमन लिपी रुंद टोकाच्या लेखणीने लिहिली, तर वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरणारी रेघ जाड येते आणि तिला छेदणारी उलटी रेघ बारीक. देवनागरीचे नेमके उलटे. आपला बोरू उलट्या बाजूने तिरका कापलेला असतो, म्हणून वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे जाणारी रेघ भरते आणि दुसरी नाजूक होते. शिरोरेघ आणि उभा दंड दोन्ही जवळजवळ सारखे ठसठशीत येतात. अक्षराला जे 'वळण' म्हणतात ते या छाटातून येते. निर्णयसागरचे सुबक खिळे डोळ्यांसमोर आणा. शिशात ओतलेली ती बोरूचीच अक्षरे आहेत. बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या मुद्रणकलेवर तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. र. कृ. जोशींनी आयुष्यभर अक्षराच्या मुळाशी जाऊन काम केले, आणि कित्येक वर्षे ज्या 'मंगल' टंकात आपण संगणकावर मराठी वाचले तो त्यांचाच. या लोकांनी अक्षर कुठल्या छाटातून जन्मते ते ओळखले होते. आपण मात्र कांजीसाठी केलेल्या गोल, बारीक टोकाने मराठी लिहितो आणि वर म्हणतो, "हल्ली माझे अक्षरच बिघडले."

अक्षर बिघडले नाही हो. हत्यार चुकले.

यात नुसत्या सौंदर्याचाच प्रश्न असता तर मी एवढा तावातावाने लिहिलेही नसते. एक घरची गोष्ट सांगतो. गोवा आणि जपान यांचे नाते खनिजाचे. पोर्तुगीज आमदानीतच, १९५०च्या दशकाच्या आरंभी, शिरगावच्या खाणीसाठी जपानने यंत्रसामग्री दिली आणि लोहखनिजातून तिची फेड झाली. पुढची काही दशके आमच्या खनिजाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपानच. डोंगर तिकडे गेले आणि तिकडून थोड्याफार वस्तू इकडे आल्या, त्यांत पेनेही होती. माझ्या एका मामांना खाणीवर असताना एका जपानी अभियंत्याने असेच एक पेन दिले होते. पुढे १९८०च्या दशकात मामा नोकरीनिमित्त मध्य प्रदेशात गेले, बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा तालुक्यात. तिथल्या मलाजखंडला तांब्याची प्रचंड उघडी खाण आहे, हिंदुस्थान कॉपरची, १९८२ साली सुरू झालेली. शेजारचा गोंदिया मराठी, १९५६पर्यंत या भागाची राजधानीही नागपूरच. पण बिरशाला कामाची भाषा हिंदी. मराठी उरले ते पत्रांपुरते.

मामांची पत्रे आजीला यायची, त्याच जपानी पेनाने लिहिलेली. अक्षर मोत्यासारखे, पण रेघ मुंगीच्या पायासारखी. आजीला वाचता येत होते, चांगले येत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्यामुळे पत्र आले की कोणाला तरी हाक मारावी लागे. आणि घरातल्या पत्रात काय काय असते ते तुम्हाला सांगायला नको. कोणाला पैसे पाठवले, कोणाशी अबोला आहे, कोणाची तब्येत खरोखर कशी आहे. वाचणारा पोर मध्येच अडखळे, काही ओळी गिळे, शेजारीण कान देऊन बसे. आजीने शेवटी मामांना कळवले, की तुझे पत्र येते पण माझ्यापर्यंत पोचत नाही.

मामांनी काय करावे? जपानी निब काढून ठेवली, मापाची एक साधी देशी निब शोधून त्या पेनात बसवली आणि तिचे टोक तेल लावलेल्या बारीक दगडावर तिरके घासून घेतले. पुढचे पत्र आले ते ठसठशीत शिरोरेघेचे, भरल्या दंडांचे. अक्षराचा आकार तेवढाच, कागदही तेवढाच. ते आजीने खिडकीशी बसून स्वतः वाचले. कोणाला हाक मारली नाही. ती पत्रे अजून घरात आहेत, आणि निब बदलल्याची जागा कोणती हे अनोळखी माणूसही बोट ठेवून दाखवील. आता मला सांगा, त्या पेनाचे 'ओरिजिनलपण' मोठे, की आपल्या मुलाचे पत्र आपले आपण वाचण्याचा आजीचा अधिकार मोठा?

असो. भावनेचा भाग सोडून थोडे कृतीचे बोलू, कारण "हे सगळे ठीक, पण जमणार कसे?" असेही लोक विचारतात. जमते, आणि फारसे अवघड नाही. पायलटच्या साध्या पेनांपैकी मेट्रोपॉलिटन, प्रेरा, काकुनो, प्लुमिक्स, पेनमनशिप, ७८जी यांच्या पोलादी निबा एकमेकींच्या जागी बसतात. निब आणि तिच्या पोटाखालची जीभ (जिच्यावर शाईचे खोबण असते ती) नुसत्या दाबाने धरलेल्या असतात, स्क्रू नसतो. पेन साध्या पाण्याने स्वच्छ धुवावे. गरम पाणी नको, जीभ प्लॅस्टिकची असते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन निब आणि जीभ दोन्ही एकत्र धराव्यात आणि सरळ रेषेत ओढाव्यात. पिळू नयेत. आत एकाच स्थितीत बसण्याची खाच असते, ती ओढण्यापूर्वी नीट पाहून ठेवावी. नवी निब जिभेवर मधोमध ठेवून, दोन्ही एकदम, सरळ आत दाबायच्या. उजेडाकडे धरून चीर आणि जिभेचे टोक एका रेषेत आहेत ना ते बघायचे. झाले काम. प्लुमिक्सची रुंद, सपाट कापलेली निब मेट्रोपॉलिटनमध्ये बसवली की शिरोरेघ कशी भरते ते पाहा!

एक मात्र लक्षात ठेवा. ही रुंद निब सरळ कापलेली असते, म्हणजे उजव्या हाताने नेहमीसारखी धरली तर ती रोमनच्या कोनातच लिहिते. देवनागरीसाठी मनगट वळवावे लागते, नाहीतर टोक उलट्या बाजूने तिरके घासून घ्यावे लागते. घासायचे असेल तर पहिला प्रयोग स्वस्त निबेवर करावा, अगदी बारीक दगडावर, पाण्याचा हात लावत, दोन घासे देऊन लिहून बघत. टोकाला कठीण धातूचा मणी असेल तर तो पुरा खरवडला जाणार नाही याची काळजी घ्यावी. सोन्याच्या निबेची गोष्ट वेगळी. पायलटमध्ये पाच, दहा, पंधरा अशा क्रमांकांच्या मापांची निब आपापल्याच घरात बसते. सेलर आणि प्लॅटिनम यांची मापे आणखी निराळी. तिथे हाताने खटपट करू नये, जाणकार कारागिराकडे द्यावे. आणि मूळ निब फेकायची कशाला? डबीत घालून ठेवा. उद्या विकायचे झाले तर परत बसवा.

आता विरोधकांच्या तीन मुद्द्यांना उत्तर देतो. पहिला मुद्दा: "निब बदलली की पेनाची किंमत पडते." पडू दे! गुंतवणूक करायची असेल तर बँकेत ठेव ठेवा. पेन घेतले आहे ते लिहायला. दुसरा: "वॉरंटी जाते." जाऊ शकते, कबूल. म्हणूनच साध्या पेनापासून सुरुवात करा म्हणतो. लाखेचे सोनेरी नक्षीकाम केलेले महागडे पेन कोणी दगडावर नेऊन घासावे असे मी म्हटलेले नाही.

तिसरा मुद्दा खरा वजनदार आहे, आणि तो प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. आपल्याकडचा वह्यांचा कागद पातळ, त्यात गोव्याचा पावसाळा. जून ते सप्टेंबर कागद असा दमट होतो की रुंद निबेने लिहिले तर शाई पसरते आणि पाठीमागे उमटते. बारीक जपानी निब तिथे निभावून नेते. खरे आहे. पण याचा अर्थ एवढाच, की पावसाळ्यात बारीक निब लावा आणि पाऊस ओसरला की रुंद! म्हणजे निब वर्षातून दोनदा बदला. हा मुद्दा निब न बदलण्याच्या बाजूने कसा होतो ते मला अजून कळलेले नाही.

पण माझे खरे भांडण पेनशौकिनांशी नाहीच. ते बिचारे निरुपद्रवी. माझे भांडण आपल्याशी आहे, गोव्यातल्या मराठीप्रेमींशी. १९८७चा राजभाषा कायदा झाला तेव्हापासून आपण लिपी हा शब्द किती वेळा उच्चारला असेल? देवनागरी की रोमी, यावर सभा झाल्या, निवेदने दिली गेली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. कोकणीचे देवनागरीवाले आणि मराठीवाले एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण देवनागरीच्या अभिमानात दोघेही पुढे. छान. आता या सगळ्या अभिमान्यांनी आपापला खिसा तपासावा. बॉलपेन निघेल. त्याने लिहिलेल्या निवेदनावरची सही बहुधा इंग्रजीत असेल. आणि ज्यांच्या खिशात झरणी आहे त्यांची निब कांजीसाठी किंवा रोमनसाठी केलेली. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठी वळणाच्या ल आणि श यांचा आग्रह धरला. तेही चांगलेच. पण अक्षराचे वळण सरकारी आदेशाने येत नाही, ते लेखणीच्या टोकातून येते. त्या टोकाची चिंता कोणी करायची?

जपानी लोकांनी आपल्या लिपीच्या प्रेमाची भाषणे किती केली मला माहीत नाही. त्यांनी निब बनवली. परक्याची वस्तू घरात घेतली आणि तिला सांगितले, बाई, या घरात राहायचे तर आमच्या अक्षरासारखे वळावे लागेल. आपण परक्याची वस्तू घरात घेतो आणि आपले अक्षर तिच्यासारखे वळवतो. वर तिचे सोवळे पाळतो.

मराठी माणसाला हे येत नव्हते असेही नाही. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग उभा केला, तीच पुढची कॅमलिन. परदेशी शाईला पर्याय म्हणून आपली शाई करावी, ही हिंमत तेव्हा आपल्यात होती. २०११ साली त्याच कॅमलिनचे निम्म्याहून अधिक भाग जपानच्या कोकुयोने घेतले. ते चांगले की वाईट यात मी शिरत नाही. पण जिने आपल्याला शाई दिली ती मराठी कंपनी आणि लिपीसाठी लेखणी बदलणारा जपान, हे दोघे आज एका छपराखाली आहेत. देवनागरीच्या छाटाची, झरणीत बसणारी एक साधी, स्वस्त पोलादी निब शाळेच्या दुकानात मिळावी, ही मागणी करायला याहून चांगला पत्ता कोणता? निवेदने लिहिण्याची हौस आपल्याला आहेच, एक तिकडेही पाठवू. फक्त कृपा करून बॉलपेनने लिहू नका.

तोवर वाट पाहत बसायचे कारण नाही. ज्यांच्या कपाटात जपानी पेन जपून ठेवलेले आहे त्यांनी ते बाहेर काढावे. निब काढावी. दुसरी बसवावी. पहिल्या दिवशी हात अडखळेल, दुसऱ्या दिवशी शाईचा डाग पडेल, आठवड्याने शिरोरेघ सरळ आणि भरदार उतरू लागेल. मग कोणा म्हाताऱ्या माणसाला एक पत्र लिहा. तुमच्या पेनाला किती गुण द्यायचे ते त्यालाच ठरवू द्या.